नोटेची पाठ

नोट आपण रंगावरून ओळखतो. जांभळट ती शंभराची, पिवळीधमक ती दोनशेची, करडी ती पाचशेची. पण शंभराच्या मागे कशाचं चित्र आहे असं अचानक विचारलं, तर भलेभले उत्तराऐवजी पाकिटाकडे हात नेतात.

पुढच्या बाजूला गांधीजी आहेत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथवर पोचायला मात्र त्यांना बराच वेळ लागला. स्वातंत्र्यानंतर इंग्लंडच्या राजाला नोटेवरून उतरवून तिथे गांधीजींना आणायचा विचार होता, नमुनेही तयार झाले होते. शेवटी जागा मिळाली सारनाथच्या सिंहांना. १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त गांधीजी नोटांवर आले आणि १९९६ पासूनच्या मालिकेने ते कायमचे स्थिरावले. चेहरा १९४६ मधल्या एका फोटोतला. त्यात शेजारी ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स होते. ते कातरीत गेले.

मला खरी गंमत वाटते ती पाठीची. देशाला त्या त्या काळात कशाचं कौतुक होतं, ते तिथे उमटलेलं असतं. जुन्या हिरव्या पाचाच्या नोटेवर शेतकरी ट्रॅक्टर चालवायचा आणि मागे सूर्य उगवत असायचा. शंभरावर हिराकुड धरण होतं, दोनाच्या नोटेवर आधी वाघ होता आणि पुढे आर्यभट्ट उपग्रह. पिकं, पाणी, वीज, अवकाश. सगळं अजून व्हायचं होतं, आणि नोटेला त्याची घाई होती.

१९९६ नंतरच्या मालिकेत देश जरा फिरायला निघाला. दहाच्या नोटेवर हत्ती, गेंडा आणि वाघ एकत्र दाटीवाटीने उभे. शंभरावर कांचनजंगा. पाचशेवर दांडीयात्रेचं शिल्प, म्हणजे गांधीजींच्या मागे चालणारी माणसंही होती. माझी आवडती विसाची. माडांच्या चौकटीतून दिसणारा समुद्र, पलीकडे हिरवा किनारा. हा देखावा अंदमानातला, पोर्ट ब्लेअरजवळच्या माउंट हॅरिएटचा. त्या डोंगराचं नाव २०२१ मध्ये माउंट मणिपूर झालं. अंदमान कधीही न पाहिलेल्या कितीतरी लोकांनी हा समुद्र घामट मुठीत धरून बसचं तिकीट काढलं असेल.

आताच्या नोटा पाहा. दहावर कोणार्कचं सूर्यमंदिर, विसावर वेरूळ, पन्नासवर हंपीचा दगडी रथ, शंभरावर पाटणची पायऱ्यांची विहीर राणी की वाव, दोनशेवर सांचीचा स्तूप, पाचशेवर लाल किल्ला. एकाहून एक देखण्या वास्तू. वेरूळ विसावर आल्याचा आनंद तर मराठी माणसाला व्हायलाच हवा; वरून खाली कोरत आणलेलं अख्खं लेणं हिरवट कागदावर मावलंय. पण डोंगर गेला, समुद्र गेला, गेंडा-हत्ती गेले, ट्रॅक्टरवाला तर केव्हाच गेला. मंगळयान होतं दोन हजारांवर, ती नोट २०२३ मध्ये चलनातून मागे घेतली. पाठीवर उरला तो दगड, आणि स्वच्छ भारतचा चष्मा. तोही चेहऱ्याविना. आता अभिमान मागे वळून पाहण्यात जास्त रमतो, असं मला वाटतं. तेही चूक नाही म्हणा. पण एखादा गेंडा राहू द्यायला काय हरकत होती?

एक वाघ तेवढा टिकलाय. पुढच्या बाजूला रिझर्व्ह बँकेचा बारीक गोल शिक्का असतो, त्यात ताडाचं झाड आणि वाघ आहे. मूळ कल्पना ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवरची, म्हणजे सोन्याच्या नाण्यावरची; तिथे सिंह होता, बँकेने हिंदुस्थानाला शोभेलसा वाघ घेतला. पहिलं रेखाटन पाहून तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर जेम्स टेलर वैतागले. हा वाघ कुत्र्यासारखा दिसतो, आणि कुत्रा-झाडाचा शिक्का पाहून टवाळ लोक हसतील, अशी त्यांची तक्रार होती. मग कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर वाड्याच्या फाटकावरच्या वाघाच्या पुतळ्याचे नवे फोटो काढवून घेतले गेले. हे वाचल्यावर मी हातातली नोट भिंगाखाली धरली. वाघच आहे. शेपटीबद्दल मात्र टेलरसाहेबांशी थोडी चर्चा करायला आवडली असती.