फोड, भिशी आणि दर्शनबारी

आळंदी ते पुणे सुमारे २९ किलोमीटर. पुण्यात दोन मुक्काम, मग पुणे ते सासवड सुमारे ३२. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीसोबतच्या आळंदी-पंढरपूर पायी वारीतल्या या सर्वांत लांब दोन मजला, आणि त्या पडतात नेमक्या सुरुवातीला, पाय अजून घरचेच असताना. पुढे जेजुरी ते वाल्हे जेमतेम १२, लोणंद ते तरडगाव ८. म्हणजे सासवडपर्यंत पाय शाबूत राहिले, तर पंढरी निम्मी गाठलीच म्हणायची.

नवखे वारकरी दिवे घाटाला भितात. आम्हाला घाट सोपा वाटतो. वडकी नाल्यापासून वर रथाला जादा बैलजोड्या लावतात, सगळा सोहळा दम खात चढतो, आणि माती-गवत दिसलं की मनही हलकं होतं. पाय जातात ते त्याआधी, हडपसरच्या तापलेल्या डांबरावर. पुण्यातल्या दोन दिवसांच्या विसाव्यात लोक शहरभर भटकतात, नातेवाइकांकडे जेवायला जातात, दहा-बारा किलोमीटर उगाच चालून येतात. दोन मुक्काम असतात ते पायांसाठी, हे लक्षात राहत नाही.

फोड एकदम येत नाही. आधी टाचेला किंवा चवड्याला चटका बसल्यासारखं वाटतं. ती वेळ थांबायची. बूट काढायचा, घाम पुसायचा, त्या जागी कागदी चिकटपट्टी सपाट, सुरकुती न पाडता लावायची, मोजा बदलायचा. पाच मिनिटांचं काम. पण दिंडी पुढे जाईल म्हणून माणूस दुपारच्या विसाव्यापर्यंत रेटतो आणि तिथे मोजा काढतो तेव्हा रुपयाएवढा फोड पाण्यानं भरलेला असतो. ओली कातडी मऊ पडते, मऊ कातडी घासली की वरचा पापुद्रा सुटतो, एवढंच त्यामागचं कारण. म्हणून पावसात भिजलेले मोजे दुपारी बदलायचेच. खांद्यावरच्या पिशवीत मोज्यांचे दोन कोरडे जोड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले असावेत.

लहान फोडाला हात लावू नये. मोठा फोड चालूच देत नसेल, तर पाय साबणानं धुऊन, निर्जंतुक सुईनं खालच्या कडेला टोचून पाणी काढावं. वरची कातडी मात्र ठेवावी, तेच खरं बँडेज. फोडात दोरा ओवून ठेवण्याची जुनी रीत आम्ही सोडून दिली. दोऱ्यातून धूळ आत जाते आणि पू होतो. मधुमेह असलेल्यांनी हा उद्योग स्वतः करू नये, वाटेवरच्या आरोग्य पथकाकडे जावं, आणि अनवाणी चालण्याचा हट्टही धरू नये. मांड्या घासू लागल्या तर खोबरेल किंवा व्हॅसलीन. तेही घासायच्या आधी, पहाटेच.

तयारी म्हणून लोक रोज पाच किलोमीटर चालतात. चांगलंच आहे, पण त्यानं खरी परीक्षा होत नाही. निघण्याआधी महिनाभर तरी, आठवड्यातले दोन दिवस लागोपाठ १५-१५ किलोमीटर चालून बघावं. पहिल्या दिवशी कुणीही चालतं. दुखऱ्या पायानं दुसऱ्या दिवशी पहाटे उठता येतं का, ते कळायला हवं. नखं तीन-चार दिवस आधी कापावीत. आदल्या रात्री कापली की बोटं ठणकतात.

दिंडीत शिरलं की वेगाचा माज आधी उतरवायचा. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, मागे तुळस आणि हंडा घेतलेल्या माउल्या. ज्याची जागा त्याची. चाल संथ, मधे मधे खोळंबा. नवा माणूस कंटाळतो, रांग सोडून भराभर पुढे जातो, विसाव्याच्या गावी तासभर आधी पोहोचतो आणि उन्हात बसून आखडतो. रांगेत राहणाऱ्याला मात्र अभंग चालवतात. पहाटे काकडा, भूपाळ्या, ऊन चढू लागलं की गौळणी, दुपारनंतर हरिपाठ. टाळाच्या ठेक्यात पाऊल लहान पडतं, टाच आपटत नाही. हे कुणी शिकवत नाही, चालता चालता येतं.

पाणी तहान लागण्याआधी प्यावं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतून पिणारे दर वर्षी दिसतात, आणि मग पोट बिघडलं म्हणून टँकरच्या पाण्याला नावं ठेवतात.

सामानाचं गणित वेगळंच. खांद्यावर दोन-अडीच किलोंपेक्षा जास्त नको. बाकीचं दिंडीच्या ट्रकमध्ये, पिशवीवर ठळक रंगात नाव आणि दिंडीचा क्रमांक. ट्रक आपल्याआधी निघतो, तो चुकला की दिवसभर बोजा आपल्याच डोक्यावर. राहुटी पडली की कडेनं वीतभर चर खणायचा कंटाळा करू नये. तरडगाव-फलटणच्या पट्ट्यात आभाळ कोरडं असतं म्हणून लोक निर्धास्त झोपतात आणि रात्री अंथरुणाखालून पाणी वाहतं. भिशी, म्हणजे जेवणखाणाची दिंडीची वर्गणी, निघण्याआधीच भरलेली बरी. वाटेत पैशांचा विषय निघाला की पिठलं-भाकरीची चव जाते.

तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमतात. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारानं दंड वर केला की हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर तिची काही तक्रार आहे असं समजायचं. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, मग ते टाळ थांबतात. एवढ्या गर्दीत गाऱ्हाणं मांडायची याहून नेटकी रीत आम्हाला माहीत नाही.

वेळापूरच्या अलीकडे धावा असतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. उतारावर सगळे पळतात. इतके दिवस जपलेला पाय इथे मुरगळायला एक दगड पुरतो, म्हणून कडेनं पळावं, मधल्या लोंढ्यात नाही.

आता नशिबाचं. आषाढीच्या पहाटे शासकीय महापूजेला मुख्यमंत्र्यांसोबत बसायचा मान दर्शनबारीतल्या, म्हणजे दर्शनाच्या रांगेतल्या, जोडप्याला मिळतो. पूजेसाठी बारी थांबवली जाते, त्या वेळी पुढे असलेलं जोडपं ‘मानाचे वारकरी’ ठरतं. त्यांना एसटीचा वर्षभराचा मोफत पासही मिळतो. लोक याला भाग्य म्हणतात, आणि ते आहेच. बारी कोणत्या क्षणी थांबेल हे कुणाच्या हातात नसतं. पण गोपाळपूरच्या पत्राशेडपासून आषाढीची बारी कित्येक तास, कधी दिवसाहूनही जास्त सरकत असते, आणि त्यात जागा न सोडता उभं राहणं मात्र हातात असतं. जेवायला म्हणून बाहेर पडलेल्याची जागा गेली की गेली. बारीत शिरताना भाजके शेंगदाणे, गूळ, पाणी, औषधं आणि खाली पसरायला प्लास्टिकचा कागद जवळ ठेवावा. जोडीदाराशी चुकामूक होऊ नये म्हणून दोघांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी.

आमच्यातले निम्मेअधिक बारीत उभेच राहत नाहीत. चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा, कळसाला हात जोडायचे, झाली वारी. वय झालेले लोणंदपासून किंवा नुसतं वाखरीपासून चालतात. पूर्ण वाऱ्यांचा आकडा मिरवणाऱ्यांपेक्षा आम्हाला ही माणसं जास्त पक्की वाटतात. त्यांचं अंतर कमी होतं, साल चुकत नाही.

द्वादशीला उपवास सोडला की भिशीचा हिशेब लागतो आणि पुढच्या सालची यादी तिथेच उघडते. नाव तेव्हाच घालावं. बूट मात्र परत वापरू नयेत, अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालून तळ एका अंगाला झिजलेला असतो. नवे घ्यायचे ते चैत्रात, म्हणजे ज्येष्ठापर्यंत पायाला बसतात.