वालेटाच्या धक्क्यावर चार डोलकाठ्या

माल्टाची राजधानी वालेटा इथल्या अप्पर बराक्का बागेच्या कठड्यापाशी सगळे ग्रँड हार्बरच्या पलीकडचे मधाच्या रंगाचे किल्ले बघत उभे होते. माझी नजर मात्र उजव्या हाताला, खाली धक्क्याकडे गेली. तिथे चार डोलकाठ्या उभ्या होत्या. लहानपण हर्णैला गेलेल्या माणसाचे पाय अशा वेळी थांबत नाहीत. लिफ्टने उतरलो आणि उन्हातून चालत धक्का गाठला.

जहाज 'सी क्लाउड' होतं. पांढरीशुभ्र, सुमारे ११० मीटर लांब, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पंख पसरलेला सोनेरी गरुड. तिच्याबद्दल बरंच वाचलं होतं, पण ती अशी हाताच्या अंतरावर भेटेल असं कधी वाटलं नव्हतं.

जर्मनीतल्या कील बंदरात १९३१ साली श्रीमंत अमेरिकी मार्जोरी मेरीवेदर पोस्ट आणि त्यांचे पती ई. एफ. हटन यांच्यासाठी ही बांधली गेली. तेव्हा तिचं नाव 'हुसार' होतं. मार्जोरीबाईंच्या खोलीत संगमरवरी शेकोटी, न्हाणीघरात हंसाच्या आकाराचे सोनेरी नळ. असं हे लाडाकोडाचं गलबत १९४२ मध्ये वर्षाला एक डॉलर भाड्याने अमेरिकेच्या तटरक्षक दलाकडे गेलं. डोलकाठ्या उतरवल्या, अंगाला करडा रंग फासला, तोफा आणि पाणबुड्यांवर टाकायचे डेप्थ चार्ज बॉम्ब चढवले. पुढच्या वर्षी ते नौदलात दाखल झालं, खलाशी मात्र तटरक्षक दलाचेच राहिले.

काम होतं हवामान टिपण्याचं. तेव्हा उपग्रह नव्हते. अटलांटिकच्या मध्यावर नेमून दिलेल्या चौकटीत दिवसचे दिवस फिरत राहायचं, फुगे सोडायचे, वारा-तापमान-दाब मोजायचा आणि आकडे कळवायचे. वरून जाणारी विमानं आणि खालून जाणारे जहाजांचे तांडे या आकड्यांवर अवलंबून असत. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण सप्टेंबर १९४२ मध्ये याच कामावरचं 'मस्केगेट' जर्मन पाणबुडीने बुडवलं. त्यावरच्या १२१ जणांपैकी एकही परतला नाही.

मला ही गोष्ट इतकी जवळची वाटते ती मात्र कार्लटन स्किनर या तरुण अधिकाऱ्यामुळे. आधीच्या 'नॉर्थलंड' जहाजावर त्याने ऑलिव्हर हेन्री हा कृष्णवर्णीय खलाशी पाहिला होता. इंजिनावर हात बसलेला माणूस, पण त्वचेच्या रंगामुळे नेमणूक अधिकाऱ्यांची ताटं मांडायला. स्किनरने वरिष्ठांना लिहून कळवलं की यात माणसं वाया जात आहेत, एका जहाजावर गोऱ्या-काळ्यांना सगळी कामं बरोबरीने देऊन बघू. १९४३ च्या अखेरीस 'सी क्लाउड' त्याच्या हाती आलं. एकूण १७३ जणांत पन्नासहून अधिक कृष्णवर्णीय, त्यांत अधिकारीही. झोपायला एकच जागा, जेवायला एकच पंगत. नौदलाच्या तपासणीत जहाजात एकही उणीव निघाली नाही. चित्रकार जेकब लॉरेन्स याच जहाजावर होता. त्याने तिथे काढलेली चित्रं १९४४ मध्येच न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लागली. अमेरिकी सैन्यदलांतला वर्णभेद मोडणारा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश आला तो थेट १९४८ साली.

हे आठवताना मुंबई डोळ्यांपुढे आली. फेब्रुवारी १९४६ मध्ये 'तलवार' तळावरचे आपले नौसैनिक पेटून उठले, त्यामागे निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानाची भाषाही होती. ताट आणि मान या दोन गोष्टी माणूस कुठल्याही समुद्रावर विसरत नाही.

इतक्यात वरच्या बुरुजावर बाराची तोफ कडाडली आणि धक्क्यावरचे पारवे एकदम उडाले. शिडीजवळ एक फिलिपिनो खलाशी पितळ घासत होता, त्याने मानही वर केली नाही. मी शिडांबद्दल विचारलं तेव्हा मात्र फडकं खाली ठेवून त्याने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. बोटांच्या मुळाशी पिवळट, टणक घट्टे. शिडं अजून हातानेच चढवतो, म्हणाला. माझ्या काकांचे हात असेच होते. आमच्या ओटीवर बसून ते जाळी विणायचे तेव्हा दोर त्या घट्ट्यांवरून खरखरत जायचा. मी काही न बोलता त्याचा हात हातात घेतला.

युद्धानंतर जहाज मालकांकडे परतलं आणि डोलकाठ्या पुन्हा उभ्या राहिल्या. मधल्या काळात ते डोमिनिकन हुकूमशहा ट्रुहियोच्याही ताब्यात गेलं, पनामात वर्षानुवर्षं गंजत पडलं. १९७८ मध्ये हॅम्बुर्गच्या लोकांनी विकत घेऊन त्याला वाचवलं.

दुपारी माल्टाची जुनी राजधानी मदिना बघायला जायचं ठरलं होतं, ते राहू दिलं. संध्याकाळी पुन्हा बराक्काच्या कठड्याशी उभा होतो. 'सी क्लाउड' इंजिनावर सावकाश लाटरोधक भिंतीपलीकडे गेलं. लांबवर परबाणांवर, म्हणजे शिडांच्या आडव्या काठ्यांवर, मुंग्यांएवढी माणसं चढताना दिसली आणि थोड्या वेळाने पुढच्या डोलकाठीवर एक पांढरा तुकडा सुटला. मग दुसरा.