तुम्ही विचारलंत म्हणून: मंगळसूत्र काढायचं आणि धातू टोचायचा?

"मशीन ओढून घेतं म्हणून जोडवी साबण लावून काढलीस, मंगळसूत्र काढलंस, आणि आता शिरेतून धातूच घालतोस होय रे?" एमआरआयच्या टेबलावर आडव्या झालेल्या एका आजींनी विचारलं होतं. मागे रांग होती. "काही होत नाही आजी, सगळं लघवीतून जातं," म्हणत मी सुई लावली. हा प्रश्न अजूनही रोज कुणी ना कुणी विचारतं, हल्ली मोबाइलवर काहीबाही वाचून. पण तेव्हाचं ते उत्तर मी आता देत नाही.

फोटो स्पष्ट यावा म्हणून काही एमआरआयमध्ये शिरेतून जे इंजेक्शन देतात, त्यात धातूच असतो. नाव गॅडोलिनियम, दुर्मिळ मृदा धातूंच्या घराण्यातला. साठ किलोच्या माणसाला बहुतेक औषधांचा डोस १२ मिलिलिटरच्या आसपास, आणि त्यात जवळजवळ १ ग्रॅम गॅडोलिनियम. या धातूच्या आयनात सात इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतात. त्यांच्यामुळे शेजारच्या पाण्याचा सिग्नल बदलतो आणि गाठ किंवा सूज असलेली जागा फोटोत पांढरी उठून दिसते. लोक त्याला 'डाय' म्हणतात. रंग बिंग काही नसतो त्यात, पाण्यासारखं दिसतं.

सुटा गॅडोलिनियम मात्र विषारी. आकाराने तो कॅल्शियमच्या आयनाएवढाच, पण विद्युतभार दोनऐवजी तीन. पेशीच्या पटलात कॅल्शियमसाठी दारं असतात, स्नायूंचं आखडणं आणि मज्जातंतूंचे निरोप त्यांच्यावर चालतात. हा तोतया दारात जाऊन अडकतो. स्वतः आत जात नाही, दुसऱ्याला जाऊ देत नाही. प्रयोगशाळेत ही दारं बंद करायला तो मुद्दाम वापरतात. म्हणून औषधात त्याला एका मोठ्या रेणूत जखडलेलं असतं. त्या रेणूला कीलेट म्हणतात, खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून. काही कीलेट दोरीसारखे, धातूभोवती गुंडाळलेले. काही पिंजऱ्यासारखे, चारी बाजूंनी बंद. दोरी सुटू शकते, पिंजरा सहसा सुटत नाही.

किडनी ठणठणीत असेल तर निम्मं औषध दीड-दोन तासांत रक्तातून जातं, दिवसभरात ९० टक्क्यांहून जास्त. पण सगळं नाही. २०१४ साली जपानी डॉक्टरांनी दाखवलं की पुन्हापुन्हा डोस घेतलेल्यांच्या मेंदूत काही ठिकाणी खूण राहते. २०१७ मध्ये युरोपने दोरीवाली बरीच औषधं थांबवली. अमेरिकेने इशारा छापायला लावला, पण किडनी नीट असलेल्यांमध्ये या साठ्याने थेट अपाय झाल्याचं दिसलं नाही, असंही सांगितलं. राहणं वेगळं आणि बाधणं वेगळं. मला विचाराल तर गाठ शोधायची असेल तेव्हा मी स्वतः हे इंजेक्शन घेईन, पिंजऱ्यातलं.

ज्यांना बाधलं ते किडनीचे रुग्ण. १९९७ पासून अमेरिकेत डायलिसिसवरच्या काही जणांची कातडी लाकडासारखी टणक होऊ लागली, गुडघे-कोपरं सरळ होईनात. २००६ साली ऑस्ट्रियातल्या एका डॉक्टरने बोट गॅडोलिनियमकडे दाखवलं. किडनी थकलेली, म्हणून औषध कित्येक दिवस अंगात फिरत राहायचं. तेवढ्यात दोरी सैल व्हायची आणि सुटलेला धातू फॉस्फेटला चिकटून कातडीत बसायचा. आम्ही क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा, रिपोर्ट मागतो तो यासाठी. कृपया 'घरी विसरलो' म्हणू नका.

मागे डायलिसिसवरच्या एका काकांचा स्कॅन डॉक्टरांनी इंजेक्शनशिवायच करायचं ठरवलं. मी कारण सांगितलं, तर काकांनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून पुढे केली. लँथॅनम कार्बोनेट. "हाही त्यातलाच ना? मुलाने नेटवर बघितलं."

लँथॅनमही त्याच दुर्मिळ मृदा धातूंच्या घराण्यातला, आणि खोडही तीच: फॉस्फेट दिसलं की पकडायचं. डायलिसिसवाल्यांच्या रक्तात फॉस्फेट साठतं, म्हणून जेवणाबरोबर ही गोळी चावायची. ती आतड्यातच अन्नातलं फॉस्फेट धरते आणि शौचावाटे निघून जाते. रक्तात जवळजवळ काहीच उतरत नाही.

काकांनी पट्टी परत पिशवीत टाकली. "म्हणजे हे चावायचं आणि ते टोचायचं नाही. एवढंच होतं तर पाच मिनिटं कशाला घेतलीस?"