मांडवीच्या खाडीत, बायकांच्या होडीतून

वेंगुर्ल्याला आलेली माणसं बंदर बघतात, सागरेश्वरच्या किनाऱ्यावर फोटो काढतात आणि निघतात. मांडवीची खाडी राहूनच जाते. माझ्या मते वेंगुर्ल्याला यावं ते तिच्यासाठी.

स्वामिनी महिला बचत गट २०१७ पासून इथे कांदळवनाची, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांच्या जंगलाची (मॅन्ग्रोव्हची) सफर घडवतो. होडी वल्हवायची, झाडं-पाखरं दाखवायची, सगळं या महिलाच करतात. वल्ह्याच्या होडीला इंजिनाची घरघर नसते, म्हणून खंड्या फांदीवरून हलत नाही आणि चिखलातला बगळा आपलं काम चालू ठेवतो. वर ब्राह्मणी घार घिरट्या घालत होती.

होडी तिवराच्या झाडाला भिडली तशी वल्हं मारणाऱ्या वैनींनी एक पान माझ्यासमोर वाकवलं. "जिभेक लावून बघा." खारट! मुळांनी ओढलेलं जास्तीचं मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. उन्हात धरलं तर पानावर बारीक कण चमकतात. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, त्याच्या लांब हिरव्या शेंगा खाली सुटतात आणि चिखलात उभ्या रुततात. गेव्याच्या झाडाला मात्र हात लावू दिला नाही, त्याचा चीक डोळ्यांना घातक. पांढरी चिपी दिसली की आवर्जून सांगतात, हा आपला राज्य कांदळवृक्ष. २०२० मध्ये तिला हा मान मिळाला.

कोकणात कांदळाचं लाकूड चुलीत जायचं. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळतोडीला बंदी घातली, २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष आला. हे हवंच होतं. पण सरकारी माणूस रोज खाडीत नसतो, या बाया असतात. कुठे कुऱ्हाड लागली, कुठे भराव पडला, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. उभ्या झाडांवर आता त्यांच्या घरात पैसा येतो. शिवाय तांबोशी, कोळंबी, कुर्ल्या यांची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात, म्हणजे मासेमारीही या झाडांवरच टिकून आहे. मुळांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या बघून मात्र जीव तुटतो. त्या आपल्यासारख्यांनीच टाकलेल्या.

जाणार असाल तर आधी भरतीची वेळ विचारून घ्या, ओहोटीला होडी आत जात नाही. सकाळी लवकर गेलात तर पाखरं जास्त दिसतात. आणि ठरलेल्या पैशांत घासाघीस करू नका.