बिरारंगच्या काठचा मार्च

मुलगी मेलबर्नच्या प्राथमिक शाळेत होती तेव्हा दर मार्चमध्ये शाळेची नदीवरची सहल असे. मदतीला पालक लागत. पहिल्या वर्षी मी सहज गेले, पुढची पाच वर्षं हट्टानं.

बस नदीकाठच्या वॉरनडाइटला थांबे. नकाशात या नदीचं नाव यारा. 242 किलोमीटर वाहून ती पोर्ट फिलिप उपसागराला मिळते. पण शाळेत सगळे तिला बिरारंग म्हणत. हजारो वर्षं तिच्या काठी राहत आलेल्या वुरुंजेरी लोकांनी दिलेलं हे नाव. ‘यारा’ 1835 साली एका सर्वेक्षकाच्या गैरसमजातून आलं. वाहत्या पाण्याचं वर्णन त्याच्या कानावर पडलं आणि तेच नदीचं नाव समजून त्यानं लिहून घेतलं.

दिवसाची सुरुवात एक वयस्कर वुरुंजेरी बाई करत. त्यांना लहानथोर सगळे आँटी म्हणत, आपल्याकडे मावशी म्हणतात तसं. मॅना गमच्या ओल्या फांद्या विस्तवावर ठेवून त्या धूर करत आणि मुलं एकेक करून त्या धुरातून जात. या झाडाला त्यांच्या भाषेत वुरुन म्हणतात, त्यात राहणाऱ्या अळीला जेरी. त्यावरून लोकांचं नाव वुरुंजेरी.

मग मुलं पाण्याकडे पळत. जाळीनं काठचा गाळ, पाला ढवळून पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचा आणि गप्प बसून बघायचं. आधी नुसता कचरा दिसतो. मिनिटभरानं त्यातली एक काडी चालायला लागते. ती कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याची अळी असते; काड्यांचे तुकडे स्वतःच्या रेशमानं चिकटवून तिनं अंगाभोवती घर बांधलेलं असतं. मुलं प्लास्टिकच्या चमच्यानं तिला अलगद उचलून बर्फाच्या ट्रेच्या खणात ठेवत. मेफ्लाय, स्टोनफ्लायची पिल्लं सापडली की आरडाओरडा व्हायचा, कारण ती घाण पाण्यात तगत नाहीत. नुसत्या लाल अळ्याच निघाल्या, तर पाण्याची तब्येत बरी नाही हे सात वर्षांचं पोरही सांगे.

एका वर्षी आदल्या रात्री धो धो पाऊस झाला. पाण्यात हात घालायचा नाही असं ठरलं आणि मुलं हिरमुसली. वर्गाच्या बाईंनी त्यांना काठावरच उभं करून पावसाच्या गटाराचं तोंड दाखवलं. रस्त्यावरचं तेल, कुत्र्यांची घाण, चिप्सची पाकिटं, सगळं तिथून थेट नदीत येत होतं. मला वाटतं, सहा वर्षांतला सगळ्यात मोलाचा धडा त्या दिवशी झाला. घरी आल्यावर मुलीनं बाबांना दारात गाडी धुऊ दिली नाही.

मार्च हा वुरुंजेरी पंचांगात वाम माशांचा ऋतू. त्यांच्या भाषेत वामेला ‘यूक’ म्हणतात. वर्षानुवर्षं या नदीत वाढलेल्या वामी या दिवसांत समुद्राकडे निघतात, दूर उत्तरेला कोरल समुद्रात जाऊन अंडी घालतात आणि मरतात. पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत येतात आणि नदीत चढतात. हे सांगताना आँटी वामेचा हात करत. मनगट असं वळे की मुलं श्वास रोखून बघत.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एकदा मला विचारलं, “तुझी नदी कोणती?” मी वाईची. मी कृष्णा सांगितली. सात घाट, थंडी सरता सरता घाटाघाटावर होणारा उत्सव, मांडवात बसवलेली कृष्णाबाईची मूर्ती, कीर्तन, पंगती. नदीला आम्ही बाई म्हणतो, हे ऐकून त्यांनी माझा हात हातात घेतला. इथल्या, म्हणजे व्हिक्टोरिया राज्याच्या संसदेनं 2017 साली कायदा करून बिरारंगला एक अखंड, जिवंत अस्तित्व मानलं आणि त्या कायद्याला वुरुंजेरींच्या वॉय-वुरुंग भाषेतलं नाव दिलं, ‘बिरारंगला जिवंत ठेवा’ अशा अर्थाचं. तुमच्याकडे हे आधीपासूनच आहे की, असं त्या म्हणाल्या. घाटाला लागलेली जलपर्णी, प्लास्टिक, निर्माल्याच्या पिशव्या डोळ्यांसमोर आल्या. तेही मी सांगितलं.

पुढच्या मार्चमध्ये धुराजवळ त्यांनी मला लगेच ओळखलं.

“कृष्णाबाई कशी आहे?”

त्या रात्री वाईला फोन लावला, तेव्हा आईला मी सगळ्यात आधी घाटाच्या किती पायऱ्या पाण्यात आहेत ते विचारलं.