हिला ब्रेक कुठे असतो?

रविवार, माघ कृष्ण अष्टमी

आज दोन वर्षांनी तो माझ्याबरोबर शिडाच्या बोटीवर आला. जेवून तो गाढ झोपलाय, आणि मला मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

पहिल्या वेळची चूक माझी होती. मी रेवदंड्याची, तो वर्ध्याचा. फेब्रुवारीतली दुपार, तीनचा सुमार, खारा वारा 15 नॉटवर, म्हणजे ताशी जवळजवळ 28 किलोमीटर. मला वाटलं, एवढा सुरेख वारा लागलाय, तर याला खरं शीड दाखवू. गेटवेपासून जरा लांब गेल्यावर बोट कलली, पाणी काठाला लागलं. त्याने विचारलं, "अगं, हिला ब्रेक कुठे असतो?" मी म्हटलं, "काही होत नाही रे." आणि लगेच ओरडले, "दोर सोड! तो नाही, दुसरा!" पुढे त्याला उलट्या झाल्या. धक्क्यावर उतरताना तो एवढंच म्हणाला, "तू जात जा. मला नको नेऊस."

हा पाण्याला घाबरतो असं मी दोन वर्षं धरून चालले. पण पाटबंधारे खात्यात वीस वर्षं कालवे आणि दरवाजे सांभाळणारा माणूस पाण्याला कसला घाबरतोय! पुढच्या क्षणी काय होणार हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ब्रेकचा प्रश्न अगदी योग्य होता आणि मी त्याचं उत्तरच दिलं नव्हतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

या वेळी सुरुवात घरातच, कालनिर्णयसमोर केली. आमच्याकडचे कोळी तिथीवरून भरती काढतात ते त्याला सांगितलं: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमाराला भरती. त्याचे डोळे चमकले. महिनाभर तो रोज हिशेब करून छापील वेळांशी ताडून बघत होता. पुनवेला नि अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याला ओढ कमी. म्हणून आजचा दिवस त्यानेच निवडला. सकाळची वेळ मी निवडली, कारण तेव्हा मतलई वारा असतो, हलका, जमिनीवरून येणारा.

आठला नांगरलेल्या बोटीवर पोचलो. शीड चढवण्याआधी त्याला सांगितलं की या जे-24 जातीच्या शिडाच्या बोटीच्या पोटाखाली सुमारे 430 किलोचं वजन आहे, ती कलली की तेच तिला परत उभं करतं. मग निघालो, आणि जरा वारा भरल्यावर शिडाचा दोर त्याच्या हातात दिला. "सोड." त्याने सोडला. शीड फडफडलं, बोट सरळ झाली, वेग गेला. "हा ब्रेक," मी म्हटलं. त्याने दोर ओढला, सोडला, पुन्हा ओढला. सहा-सात वेळा. मी गप्प बसले. गप्प बसणं मला जड जातं, पण बसले.

मग सुकाणूचा दांडा दिला. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हे हाताला पटायला वेळ लागतो. समोर उरणचा द्रोणागिरी, डाव्या गालावर वारा. "डोंगर नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर ठेव, बाकी काही बघू नकोस." मळमळ होते ती डोळे एक सांगतात आणि कान दुसरंच सांगतो म्हणून; सुकाणू धरणाऱ्याची नजर लांब असते, त्याला बहुतेक वेळा त्रास होत नाही. सुरुवातीला त्याची मूठ इतकी आवळलेली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. अर्ध्या तासाने बघते तर दांडा नुसता दोन बोटांत, अंगठा वर मोकळा.

मधे मी बोट थोपवून दाखवली: पुढचं शीड उलट्या बाजूला भरू द्यायचं, दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ढकलून धरायचा, की बोट पाण्यावर बसल्यासारखी होते. तिथे थर्मासमधला चहा प्यायलो, मेथीचे पराठे खाल्ले. एक लाँच जवळून गेली, तिच्या लाटेने बोट डोलली. त्याने चहाचा कप नुसता उचलून धरला. दोन वर्षांपूर्वी याच लाटेला त्याने माझा दंड पकडला होता.

परतताना मी ताजच्या घुमटाकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "नाही. ओहोटी आपल्याला डावीकडे नेतेय. तो बोया बघ, मघापासून सरकतोय." आणि त्याने नाळ उजवीकडे, भाऊच्या धक्क्याच्या अंगाला धरली. मी बघितलं, त्याचं बरोबर होतं. बोट आपसूक गेटवेसमोर आली. माझा ऊर भरून आला, खरंच.

घरी आल्यावर पाय न धुताच तो भिंतीपाशी गेला, कालनिर्णयचं पान उलटलं. "पंधरा दिवसांनी रविवारी सप्तमी," म्हणाला. "साताची पाऊणपट सव्वापाच. साडेसातला निघालो तर?"