सव्वानऊ टक्क्यांची पावती

6 जून 2025, शुक्रवार. सकाळी दहा वाजता रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना अल्प मुदतीसाठी ज्या दराने पैसे देते तो, एकदम अर्ध्या टक्क्याने कमी करून 5.50 टक्क्यांवर आणला. बहुतेकांचा अंदाज पाव टक्क्याचा होता. पार्ले पूर्वेच्या आमच्या शाखेत फोन खणखणायला लागले. सगळे गृहकर्जवाले, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, हप्ता कधीपासून कमी होणार? ठेवीदारांचा मात्र एकही फोन आला नाही. ठेवीदार फोन करत नाहीत, ते स्वतः येतात.

अकराच्या सुमारास बाई आल्या. विनाअनुदानित शाळेत गणित शिकवून 2013 साली निवृत्त झालेल्या, त्यामुळे पेन्शन नाही. वीस लाखांची ठेव आणि तिचं महिन्याला जमा होणारं व्याज, एवढ्यावर घर चालतं. नेमकी त्याच दिवशी ठेवीची मुदत संपत होती. त्यांनी पिशवीतून 2013 च्या पावतीची झेरॉक्स काढून काचेखालून सरकवली. दर सव्वानऊ टक्के.

"अगं, तेव्हा महिन्याला पंधरा हजारांच्या वर यायचे. आता किती?"

ज्येष्ठांचा जादा अर्धा टक्का धरून त्या दिवशी दर सातच्या आसपास होता. महिन्याला साडेअकरा हजारांच्या थोडे वर. तोही आठवड्याभरात उतरणार, हे मला दिसत होतं. लोकांना वाटतं रेपो खाली आला म्हणून ठेवीचा दर खाली येतो. ठेवीच्या दराला खरा धक्का देणारी घोषणा त्या दिवशी दुसरीच होती. सीआरआर, म्हणजे बँकांनी ठेवींतला जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवायचा असतो तो, चारवरून तीन टक्क्यांवर येणार होता, सप्टेंबरपासून चार टप्प्यांत. त्यातून सुमारे अडीच लाख कोटी रुपये बँकांकडे मोकळे होणार. बँकेकडे पैसा मुबलक झाला की ठेवीदाराची गरज कमी होते, आणि गरज कमी झाली की दर कोण देतो? टीव्हीवाले दिवसभर हप्त्याचा हिशोब दाखवत बसले. ही बाजू मला तरी कुठे दिसली नाही.

बाई गणिताच्या, म्हणून त्यांना मी कागदावरच मांडून दाखवलं. 2013 मध्ये व्याज सव्वानऊ आणि किरकोळ महागाई दहाच्या आसपास. आता व्याज सात, आणि नुकताच जाहीर झालेला एप्रिलचा महागाईचा आकडा 3.16. तेव्हा हातात उणे पाऊण, आता अधिक पावणेचार. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी 2016 साली चिंतामणराव देशमुखांच्या नावाच्या व्याख्यानात हाच मुद्दा डोशाच्या किमतीवरून समजावला होता: व्याज किती मिळतं ते पाहू नका, त्यात डोसे किती येतात ते पाहा. हिशोब अचूक आहे, आणि काउंटरवर तो फार कुणी सांगत नाही म्हणून मी आवर्जून सांगते.

बाईंनी पेन घेतलं. कागदावर थोडा वेळ काहीतरी लिहिलं. मग मान वर केली.

"म्हणजे तेव्हा मी व्याज नव्हतेच खात. मुद्दल खात होते."

नेमकं तेच होतं. ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे ज्यावरून किरकोळ महागाई मोजतात तो, 2013 पासून पावणेदोन पटींच्या पुढे गेलाय. बाईंचे वीस लाख पावतीवर वीसच आहेत, पण 2013 च्या हिशोबाने त्यांत आज साधारण अकरा लाखांचा माल येतो. मुद्दल शाबूत राखायचं तर दरवर्षी महागाईइतकं व्याज परत ठेवीत टाकायला हवं होतं. पण हे बारा वर्षांत बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. पावतीवर फक्त दर छापतात. आयकरही त्या पूर्ण व्याजावर लागतो, त्यातली महागाई कुणी वजा करून देत नाही.

"आणि आता मुद्दल राखून खर्च करायचा तर?"

वर्षाच्या एक लाख चाळीस हजार व्याजातून महागाईचे त्रेसष्ट हजार बाजूला ठेवायचे. उरतात महिन्याला सहा हजार चारशे. मी आकडा लिहिला आणि पुढे काय बोलावं ते सुचेना. माझ्या हिशोबाप्रमाणे बाईंची स्थिती 2013 पेक्षा बरी होती, आणि त्या बऱ्या स्थितीत सहा हजार चारशेत पार्ल्यात राहायचं होतं.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा विम्याचा मुलगा खुर्ची सरकवून आला. "आजी, गॅरंटीड परतावा आहे." सत्तरी ओलांडलेल्या बाईला एकरकमी प्रीमियमची पॉलिसी! मी त्याला तिथेच थांबवलं. दोष त्या मुलाचा नाही, त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट आहे. पण ज्या टेबलावर म्हातारी माणसं आयुष्याची पुंजी घेऊन येतात, त्याच्या बाजूला हे दुकान मांडायचंच कशाला?

मग मी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा फॉर्म काढला. व्याज 8.2 टक्के, दर तिमाहीला जमा, मुदत पाच वर्षं, मर्यादा तीस लाख. हा दर केंद्र सरकार ठरवतं, त्यामुळे रेपो उतरला म्हणून तो त्या दिवशी हलला नव्हता. खातं पोस्टात उघडतं तसं आमच्याकडेही उघडतं. पण या पैशाने शाखेच्या ठेवींचा आकडा वाढत नाही, म्हणून कुणी आपणहून नाव काढत नाही. बाईंनी पंधरा लाख त्यात टाकले, पाच लाखांची ठेव केली. योजनेतून तिमाहीला तीस हजार साडेसातशे. व्याजातून कर कापला जाऊ नये म्हणून फॉर्म 15एच भरून दिला.

पुढे ऑक्टोबरची महागाई 0.25 टक्के निघाली, निर्देशांकाच्या तेव्हाच्या मालिकेतली सर्वांत कमी. 5 डिसेंबरला रेपो 5.25 झाला. त्याच महिन्यात बाई पासबुक भरायला आल्या तेव्हा त्यांनी वहीतलं एक पान फाडून दिलं. त्यांची स्वतःची महागाई: औषधं, तपासण्या, सोसायटीचा मेंटेनन्स, कामवाल्या मावशींचा पगार, दूध, भाजी. तेव्हाच्या निर्देशांकात आरोग्याचं वजन सहा टक्क्यांहूनही कमी होतं, बाईंच्या पानावर ते तिसऱ्या हिश्श्याइतकं. भाजी स्वस्त झाली होती, तीही त्यांनी प्रामाणिकपणे वजा धरली होती.

संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर मी ते पान दोनदा तपासलं. बेरीज बरोबर आहे. सात टक्क्यांच्या थोडी वर येते. आमच्या मुदत ठेवीचा त्या दिवशीचा दर त्याच्या खाली होता आणि बचत योजनेचा जेमतेम वर.